वजा माती

हंगाम सुरू झाला की मी फाटकाशी काचेच्या खोलीत बसते.
ट्रक भुईकाट्यावर चढतो, आकडा थरथरतो,
मी बटणावर बोट ठेवत नाही.
लेशेक हॉर्न वाजवतो. वाजवू दे.
एकोणीस वर्षांत थरथरता आकडा मी लिहिलेला नाही.

कुयावीच्या काळ्या रानातलं बीट
पावसानंतर येतं ते अर्धं शेत सोबत घेऊनच.
मग प्रयोगशाळेतली मुलगी बादलीभर उचलते,
धुते, पुन्हा तोलते,
आणि माझ्या कागदावरचा एक रकाना भरते : वजा माती.
शेतकरी कुरकुरतात, पण रडत कोणी नाही.
भिजलेली ताडपत्री, चाकांतला चिखल, टाकीतलं डिझेल,
यातलं काहीच बीट नाही, हे ज्याला त्याला ठाऊक.
आणि लेशेक!
भरल्या ट्रकमध्ये बसून राहतो,
रिकाम्या वेळी सिगरेटच्या निमित्ताने हळूच उतरतो,
म्हणजे त्याचे एकशेदहा किलो बिटाच्या भावात जावेत.
मी काच ठोठावते : चढ वर.

अशी मी, व्येस्वावा, काट्याची पक्की,
सोमवारी न्हाणीघरातल्या त्या काचेच्या चौकोनावर उभी राहिले
आणि टबाच्या काठावर मटकन बसले.
दीड किलो. एका रात्रीत.
सप्टेंबरपासून पाव मोजून खाल्ला, चहातली साखर सोडली
(साखर कारखान्यात राहून, बघा),
डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांकडे बोट दाखवलं म्हणून.
रविवारी फक्त बहिणीच्या नामदिनाला गेले होते.
खारवलेली हेरिंग, आंबवलेल्या काकड्या,
खसखशीच्या केकचा एक काप.
बरं, दोन.

त्या दिवशी जेवलेच नाही. रागाने.
मंगळवारी आकडा जागचा हलेना.
बुधवारी रात्रपाळी करून आले, पायांवर मोज्यांचे वळ,
आणि वर आणखी दोनशे ग्रॅम.
कींगा दात घासता घासता म्हणाली,
आई, पाळीच्या आधी माझे दोन किलो चढतात दर महिन्याला.
येतात, राहतात, जातात.
मी त्यांना चहासुद्धा विचारत नाही.

ती गेल्यावर मी एक केलं.
काट्यावरून उतरले, अर्ध्या लिटरचा मग नळाखाली भरला,
उभ्याउभ्या प्याले, पुन्हा चढले.
अर्धा किलो. चोख.
हसूच फुटलं.
नळाच्या पाण्यात कसली गं चरबी, वेडे?
मिठाने धरून ठेवलेलं पाणी, सुजलेले घोटे,
पोटात अजून वाटेवरच असलेला केक.
ताडपत्री, चिखल, डिझेल.
दुसऱ्यांची माती दाण्यादाण्याने वजा करणारी मी
स्वतःला मात्र न धुता तोलत होते.

शुक्रवारी एक किलो आठशे उतरले.
तेही मी खरं धरलं नाही.

आता फ्रिजवर एक कागद आहे.
सात आकडे, खाली बेरीज, भागिले सात.
रोजचा आकडा तोळा-मासा, त्याचं मनावर घेत नाही,
म्हणजे, घेते, पण न्याहारी सोडण्याइतकं नाही.
रेघ उतरतेय. बहुतेक.

काल रात्रभर बर्फ पडला.
पहाटे चारला रिकामा भुईकाटा तीनशे किलो दाखवत होता.
फावडं घेऊन मी तो साफ केला, शून्यावर आणला,
आणि कोणी नाही असं बघून, बूट-कोटासकट
साठ टनांच्या त्या लोखंडावर एकटी उभी राहिले.
मान वळवून काचेतून पाहिलं.

ऐंशी.

वीस-वीसच्याच उड्या मारतो तो, मधलं त्याला दिसत नाही.
सप्टेंबरात मी अठ्ठ्याऐंशी होते, तेव्हाही ऐंशीच म्हणाला होता.
लांबून पहिल्या ट्रकचे दिवे वळले.
मी जराशी तिथेच थांबले,
मग लेशेकने हॉर्न वाजवला.